पक्ष्यांचा ग्रुप फेसबुक-व्हॉट्सऍपवरून हलवायचाय? आधी जुना माल बाहेर काढा

ठाणे-नवी मुंबईत पक्षी बघणाऱ्यांचे ग्रुप बहुतेक फेसबुक नाहीतर व्हॉट्सऍपवरच आहेत, आणि अधूनमधून कोणीतरी म्हणतंच की चला दुसरीकडे जाऊया, मग टेलिग्राम की डिस्कॉर्ड यावर जुंपते आणि दोन दिवसांनी विषय थंड. माझं म्हणणं, जागा नंतर ठरवा. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, याहू ग्रुप्सने डिसेंबर 2019 मध्ये जुने मेसेज, फोटो, फाइल्स सगळं काढून टाकलं आणि 2020 संपता संपता गाशाच गुंडाळला. माणसं काय, कुठेतरी परत भेटतात, नोंदी गेल्या की गेल्या. आणि आपल्या नोंदी म्हणजे नुसतं गुड मॉर्निंग नाही ना, 2024 ला नेरूळच्या डीपीएस तलावात, जिथे फ्लेमिंगो उतरतात, खाडीचं पाणी येत नाही म्हणून ओरड झाली, अशा वेळी आधीच्या वर्षी इथे कधी किती फ्लेमिंगो होते हे तारखेसकट दाखवता आलं पाहिजे.

तर व्हॉट्सऍपपासून सुरू करा. ग्रुप उघडून एक्सपोर्ट चॅट. मीडियासकट घेतलं तर साधारण शेवटचे 10,000 मेसेज मिळतात, मीडियाशिवाय 40,000, म्हणून दोन्ही घ्या आणि ग्रुपमध्ये सगळ्यात आधीपासून असलेल्या माणसाच्या फोनवरून घ्या, कारण नंतर आलेल्याकडे त्याच्या आधीचं काही नसतं. ग्रुपला ऍडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू असेल तर एक्सपोर्ट होणारच नाही, ऍडमिनला ती बंद करायला सांगा. हाती येते ती टेक्स्ट फाइल, ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह नाहीत त्यांचे मोबाइल नंबर त्यात जसेच्या तसे असतात, ते उडवल्याशिवाय ही फाइल कुठेही चढवू नका. येऊरच्या जंगलातल्या घुबडाच्या घरट्याची जागा वगैरे असेल तर तीही उडवा, नाहीतर फोटोवाले तिथे गर्दी करून पक्ष्यांना सतावतात.

फेसबुकचं अवघड आहे. अख्खा ग्रुप डाउनलोड करायची सोय नाही, ग्रुप्सचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला ग्रुपचा डेटा वाचू देणारी सोय) पण 2024 मध्ये काढून टाकला, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या अकाउंटमधून डाउनलोड युअर इन्फर्मेशन करून आपल्या पोस्ट काढायच्या. सगळे करणार नाहीतच, नेहमी फोटो टाकणाऱ्या पाच-दहा जणांना फोन करून मागे लागा, तेवढ्यात बराचसा माल येतो.

आता यातल्या पक्ष्यांच्या नोंदी गप्पांपासून वेगळ्या करा आणि ज्याच्या नोंदी त्याने ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथे सीएसव्ही (साधी तक्त्याची) फाइल इम्पोर्ट करता येते. आकडा आठवत नसेल तर त्या जागी इंग्रजी एक्स, वेळ नि अंतर माहीत नसेल तर प्रोटोकॉल, म्हणजे नोंदीचा प्रकार, हिस्टॉरिकल. ईबर्ड पण शेवटी दुसऱ्याचंच आहे, पण तुमचा डेटा मागितला की परत देतं, आणि मला तेवढं पुरतं.

गप्पांसाठी जागा बघताना एकच विचारा, उद्या इथून निघायचं झालं तर काय हातात मिळेल? टेलिग्रामचं डेस्कटॉप ऍप अख्खी चॅट काढून देतं. डिस्कॉर्डमध्ये पूर्ण सर्व्हर एक्सपोर्ट करायचं बटण नाही, मी तरी नको म्हणेन. डिस्कोर्स हे चर्चेच्या फोरमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाकलंत तर ऍडमिनला पूर्ण बॅकअप एका क्लिकवर मिळतो, शिवाय ईमेलवरून उत्तर देता येतं म्हणजे नवीन ऍपला वैतागणारे काका-काकू पण टिकतात. खर्च वर्गणीतून काढा, फक्त डोमेन आणि सर्व्हरचा पासवर्ड दोन जणांकडे असू दे, एकटा ऍडमिन बदली होऊन पुण्याला गेला की पंचाईत.

माणसं हलवताना अमुक तारखेपासून जुनं बंद असं करू नका, कोणी येत नाही. त्यापेक्षा लोकांना हवी अशी एक गोष्ट फक्त नवीन जागी ठेवा, उदाहरणार्थ रविवारच्या ऐरोली किंवा सीवूड्सच्या फेरीची वेळ, भेटायचं ठिकाण आणि खाडीच्या भरती-ओहोटीचं टाइमटेबल. जुन्या ग्रुपवर फक्त लिंक. पक्षी ओळखून द्या म्हणून कोणी तिथेच फोटो टाकला तर उत्तर नवीन जागी द्या आणि त्याची लिंक खाली चिकटवा, एक हिवाळा हे नेटाने करावं लागतं.

जुना ग्रुप डिलीट मात्र करू नका. व्हॉट्सऍपवर मेसेज फक्त ऍडमिनला पाठवता येतील असं सेटिंग करा, डिस्क्रिप्शनमध्ये नवीन पत्ता टाका, आणि निदान दोन ऍडमिन मागे राहू द्या.