रिपोर्टमध्ये एलआरआरके२ दिसलं तर तो नीट कसा वाचायचा

घरात कुणाला कमी वयात पार्किन्सन्स झाला, किंवा आत्या-काकांनाही असला, की डॉक्टर कधीकधी जीन टेस्ट सांगतात, मग पीडीएफ येते आणि फॅमिली ग्रुपवर "म्युटेशन निघालं" एवढंच फिरायला लागतं. जरा थांबा.

एलआरआरके२ (LRRK2) हे पार्किन्सन्सशी जोडलेलं एक जीन, आणि त्यावरून बनणाऱ्या प्रोटीनचंही नाव तेच. आधी जीनच्या नावापुढचा कोड बघा. समजा जी२०१९एस (G2019S) लिहिलंय, म्हणजे प्रोटीनच्या साखळीत २०१९ नंबरच्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन आलंय. हे एलआरआरके२ प्रोटीन २५२७ अमिनो ॲसिडचं, भलतंच लांब, त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे ते बघायलाच लागतं.

१४४१ नंबरच्या जागेच्या आसपासचा भाग स्विचचा. त्याला जीटीपी नावाचा छोटा रेणू चिकटला की चालू, जीटीपीतला एक फॉस्फेट तुटून जीडीपी झालं की बंद, सोसायटीच्या जिन्यातला टायमरवाला दिवा असतो ना, तसं, ठराविक वेळाने आपोआप विझायचं. १४४१ वरचं आर्जिनीन बदललं की हा टायमर मंदावतो आणि स्विच जास्त वेळ चालूच राहतो. २०१९ ची जागा मात्र स्विचमध्ये नाही, ती कायनेज भागात, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटवणाऱ्या भागात आहे, आणि जी२०१९एस मुळे ते काम साधारण दुप्पट वाढतं. हे फॉस्फेट कुणाला चिकटतं, तर २०१६ मध्ये दाखवलं गेलं की पेशीत मालाची ने-आण सांभाळणाऱ्या रॅब प्रोटीन्सना, आणि गंमत म्हणजे रॅब हेसुद्धा स्विचच! चालू-बंद होताना रॅबचा जो भाग आकार बदलतो नेमकं तिथेच फॉस्फेट जाऊन बसतं, मग रॅब पेशीतल्या पातळ पडद्यांवर (मेम्ब्रेनवर) अडकून राहतं आणि मालाची ने-आण, लायसोसोमची म्हणजे पेशीतल्या कचरा जिरवणाऱ्या पिशव्यांची साफसफाई सगळं बिघडतं. १४४१ चा स्विच जास्त वेळ चालू राहिला तरी कायनेजचं काम वाढतंच. म्हणजे बिघाड १४४१ चा असो की २०१९ चा, फटका शेवटी रॅबलाच.

आता कोडशेजारचा शेरा वाचा. पॅथोजेनिक, म्हणजे रोगाला कारण ठरणारा, असेल तर गंभीरपणे घ्या. व्हीयूएस (VUS, महत्त्व अनिश्चित असलेला बदल) असेल तर त्याचा अर्थ आज कुणालाच ठरवता आलेला नाही, त्यावरून भावंडांच्या टेस्टा करत सुटू नका, एक-दोन वर्षांनी लॅबला परत विचारा की शेरा बदलला का. माझ्या मते सगळ्यात जास्त घबराट या व्हीयूएसनेच होते, आणि उगाच होते.

हा बदल किती जणांत सापडतो याचे नेटवरचे टक्के स्वतःला लावताना पण जपून. जी२०१९एस अश्केनाझी (मूळ मध्य-पूर्व युरोपातल्या) ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतल्या अरब-बर्बर लोकांत बऱ्यापैकी सापडतं, भारतात फार क्वचित. आणि जी२३८५आर दिसलं तर तो पूर्व आशियात आढळणारा, धोका थोडा वाढवणारा बदल आहे, एकट्याने रोग करणारा नाही.

पॅथोजेनिक बदल असला तरी प्रत्येक मुलाकडे तो जायची शक्यता ५० टक्के, आणि ज्यांच्याकडे गेला त्यातल्याही बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. त्यामुळे धडधाकट मुलांची टेस्ट करायची का हे जेनेटिक काउन्सेलरशी बोलूनच ठरवा, तेही मुलं १८ ची झाल्यावर त्यांना स्वतःला ठरवू द्या.

औषधं सध्या तीच, लेव्होडोपा वगैरे, आणि या रुग्णांना ती सहसा चांगली लागू पडतात. एलआरआरके२ चं कायनेज दाबणाऱ्या गोळ्यांच्या ट्रायल झाल्यात, चालूही आहेत, तिथे नाव द्यायचं झालं तर पहिला प्रश्न कोडचाच येतो, म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवा, मोबाईलवर काढलेला धूसर फोटो चालत नाही.