बेली डान्स आणि पर्शियन डान्स एकाच वर्कशॉपमध्ये शिकवताना

ज्या मैत्रिणी पुण्यात पहिलं वर्कशॉप घ्यायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. दोन्ही नाच एकाच दिवशी शिकवता येतात, पण कालवून नाही. पोस्टरवर "अरेबियन" लिहून दोन्ही एकत्र कोंबलेले दिसले की मला खरंच वाईट वाटतं, कारण बेली डान्स अरबांकडचा, पर्शियन डान्स इराणचा, आणि इराणी लोक अरब नाहीत, भाषा वेगळी, ताल वेगळा, अंग हलवायची रीत तर पारच वेगळी. बेली डान्सचा जीव कमरेत, पर्शियनचा मनगटात, खांद्यात आणि चेहऱ्यावर. त्यामुळे तीन तास असतील तर आधी बेली डान्स, मग चहा, मग पर्शियन, आणि मध्ये म्युझिकसुद्धा पूर्ण बदला.

जागा लाकडी फ्लोअरची बघा, कोथरूड-औंधकडे तासावर स्टुडिओ मिळतात. फरशीवर शिमी, म्हणजे कमरेची ती भरभर थरथर, करून गुडघे आणि टाचा भरून येतात, आणि योगा मॅटवर गिरकी घेताना पाय अडकतो. गणपतीच्या आधीचे दोनेक महिने नदीकाठच्या जागा टाळा, ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू असते, दरबुक्याचा, म्हणजे बेली डान्सला वाजणाऱ्या हातढोलाचा, आवाज ऐकूच येणार नाही. माणसं बारा-पंधराच्या वर घेऊ नका, प्रत्येकीचा गुडघा दिसला पाहिजे तुम्हाला.

कपड्यांचं पोस्टरवरच स्पष्ट लिहा की पोट उघडं ठेवायची गरज नाही, लेगिंग, टीशर्ट आणि कमरेला बांधायला एक ओढणी पुरे. बऱ्याच जणी फक्त या एका धास्तीने येत नाहीत. कोणी त्या उघड्या पोटाच्या ड्रेसबद्दल विचारलंच तर सांगा, की नर्तकी बदिआ मसाबनींनी १९२६ मध्ये कैरोत आपला क्लब काढला आणि तिथे आणि त्या काळातल्या तशाच क्लबांमध्ये स्टेजवरचा बेली डान्स, ज्याला अरबीत रक्स शर्की म्हणतात, घडत गेला, तो चमचमता दोन तुकड्यांचा ड्रेस त्या स्टेजमुळे रूढ झाला. घरच्या लग्नात नाचणाऱ्या इजिप्शियन बायका नेहमीच्या अंगभर कपड्यांतच नाचतात.

आता शिकवायचं. वॉर्मअप झाला की लगेच स्टेप दाखवू नका, आधी ताल तोंडाने म्हणून घ्या. मकसूम, म्हणजे बेली डान्सचा नेहमीचा ताल, आठ मोजायचा, दुम तक गप तक, दुम गप तक गप. दुम म्हणजे मधला घुमणारा ठोका, तक म्हणजे काठावरचा कडक, गप म्हणजे रिकामी मात्रा. टाळी देत म्हणायला लावा, दुमला पाय, तकला टाळी. केरव्याच्या आठ मात्रा कानात बसलेल्या असतात त्यामुळे आपल्याकडे हे पटकन जमतं, आणि पथकात ढोल वाजवणाऱ्या मुली असल्या तर त्यांना दुम कुठे पडतो हे सांगावंच लागत नाही. मग त्यातलाच दुसरा तक काढून तिथे दुम घाला, दुम तक गप दुम, दुम गप तक गप, हा झाला सईदी, वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचा, काठी घेऊन नाचतात तो. एवढा एक बदल नुसता ऐकू आला तरी अर्धं काम झालं, दीड तासात पाच ताल शिकवायच्या भानगडीत पडू नका.

मग हिप ड्रॉप. सगळं वजन डाव्या पायावर, उजवा पाय थोडा पुढे चवड्यावर, दोन्ही गुडघे सैल. उजवा गुडघा सरळ करत आणला की कंबर वर जाते, गुडघा सोडला की खाली पडते, दुमवर पाडायची. कंबर हलवा असं कधीच म्हणू नका, गुडघा सांगा, कारण कंबर म्हटलं की सगळ्या जणी आख्खं धड फेकतात. एक ताई कितीही केलं तरी प्रत्येक ड्रॉपला उजवा खांदा खाली टाकत होत्या. त्यांना भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, दोन्ही खांद्यांची मागची बाजू भिंतीला, पाय भिंतीपासून वीतभर पुढे, आणि म्हटलं "ताई, भिंत सोडायची नाही, फक्त गुडघा." चौथ्या-पाचव्या वेळेला खांदा जागेवर आणि कंबर एकटीच पडली, त्या स्वतःच आरशात बघून थांबल्या. हा भिंतीचा उपाय सगळ्यांना द्या. शिमीसुद्धा गुडघ्यातूनच, एक वाकला की दुसरा सरळ, आधी अगदी सावकाश, आणि गुडघे मागे लॉक होऊ द्यायचे नाहीत. पाठीचं दुखणं, नुकतंच बाळंतपण, गुडघ्याचं ऑपरेशन हे फॉर्ममध्येच विचारून ठेवा. कोणाला हात लावून सुधारायचं तर आधी विचारा, प्रत्येक वेळी.

चहानंतर डोकं बदलायचं. इराणी पार्टीत वाजणारी गाणी बहुतेक सहाच्या ठेक्यात असतात, आणि इथे दादरा तुमच्या मदतीला येतो, धा धिं ना धा तिं ना म्हणत नुसतं चालवा, तीन पावलं, तीन पावलं, पण चवड्यावर हलकं. कथक शिकलेल्या मुली पुण्यात प्रत्येक बॅचला असतातच, गिरक्या त्यांच्या सुंदर असतात, फक्त पाय आपटायची सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवायला सांगा. दुसरं म्हणजे त्या प्रत्येक हाताचा अर्थ विचारतात. इथे मुद्रांची ठरलेली यादी नाही, हात सुरांच्या मागे जातो. क्रम मात्र पक्का घोटून घ्या, आधी कोपर उचलतो, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी, मनगट आतून बाहेर फिरवताना मधलं बोट अंगठ्याकडे किंचित झुकलेलं. पंधरा मिनिटं फक्त हेच, बसून केलं तरी चालेल. मग खांद्यांची बारीक थरथर, मग मान, आणि मग डोळे-भुवया. तो लाडिक नखरा, ज्याला ते नाझ म्हणतात, तो चेहऱ्यावर आला नाही तर नुसता हातांचा व्यायाम राहतो. लाजतात सगळ्या. त्यांना आरशाकडे पाठ करून जोडीजोडीने समोरासमोर उभं करा, एकीने नाचायचं, दुसरीने नुसतं बघायचं, मग लाज जाते.

शेवटची वीस मिनिटं कोरिओग्राफी नको, गाणं लावा आणि मोकळं नाचू द्या, कारण पर्शियन सोलो मुळात त्या त्या वेळी सुचेल तसाच नाचला जातो. पुण्यात शिकायला आलेले इराणी विद्यार्थी बरेच आहेत, ओळखीची कोणी असेल तर मानधन देऊन बोलवा, घरच्या लग्नात कसं नाचतात ते तिच्याकडून बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण तिचा व्हिडिओ तिला विचारल्याशिवाय काढू नका आणि टाकू तर मुळीच नका. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर राष्ट्रीय बॅले बंद झाला, आणि बायकांनी चारचौघांत नाचल्याबद्दल किंवा असे व्हिडिओ टाकल्याबद्दल तिथे अटका झालेल्या आहेत, तिला परत घरी जायचं असतं. आपल्या पोरींनाही हाच नियम, काहींनी घरी सांगितलेलं नसतं. फोन सगळ्यांचे बॅगेत, ज्यांना रील हवी त्यांची वर्कशॉप संपल्यावर वेगळी काढा.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मकसूम आणि सहाच्या ठेक्याचे तुमच्या आवाजातले बोल रेकॉर्ड करून पाठवा, आणि कोणाचा गुडघा किंवा कंबर दुखतेय का ते एकेकीला वेगळा मेसेज करून विचारा, ग्रुपवर कोणी सांगत नाही.