ऊन पडलं म्हणून निघू नका: फेब्रुवारी-मार्चमध्ये गोव्यातून बर्फात जाताना या चुका टाळा

आमच्या सत्तरी तालुक्यात थंडी मोजायचं यंत्र म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. तेल थिजलं की थंडी आली, पातळ झालं की गेली. आणि महाशिवरात्र झाली की ती ‘शिव शिव’ म्हणत जाते, हे आजीच्या तोंडून ऐकत आलेलं. याच हिशेबाने कार्निव्हालच्या सुट्टीच्या मागेपुढे बरीच मंडळी मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून दिल्ली गाठतात आणि तिथून मनाली, गुलमर्ग नाहीतर गंगटोककडे सुटतात. हॉटेल स्वस्त, गर्दी कमी, थंडी सरत आलेली आणि बर्फ मात्र शिल्लक. हिशेब चोख वाटतो, पण तो आपल्याकडचा असतो, तिकडचा नव्हे.

थंडी ओसरली म्हणजे धोका ओसरला?

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. हिंदी बातम्यांत ज्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, तेच हे. भूमध्य समुद्राकडून एकामागून एक येणाऱ्या या प्रणाली डिसेंबरपासून मार्चपर्यंत, कधी एप्रिलमध्येही बर्फ टाकून जातात. म्हणजे फेब्रुवारीअखेरीस डोंगरावर सगळ्या हिवाळ्याचा साठा असतो, वर ताजा बर्फ पडतच असतो आणि ऊनही तापायला लागलेलं असतं. तारखा पाहा. गुलमर्गला 1 फेब्रुवारी 2023 रोजी हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, 22 फेब्रुवारी 2024 रोजी एक रशियन. बद्रीनाथजवळच्या माणा इथे 28 फेब्रुवारी 2025 रोजी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा आला आणि 8 कामगारांचा मृत्यू झाला. सिक्कीममधल्या नथुलाच्या रस्त्यावर 2023 मध्ये हिमस्खलनात 7 पर्यटक दगावले, तेव्हा तर 4 एप्रिल उजाडला होता. आपण त्या दिवसांत पंख्याचा वेग वाढवत असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: आकाश पाहून ठरवणं

आपण पावसाळी मुलखातली माणसं. धो धो कोसळलं तर घरात बसायचं, उघडीप मिळाली की कामं उरकायची. बर्फात हा नियम उलटा फिरतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठजण फेब्रुवारीअखेरीस मनालीत होतो. दीड दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या सकाळी असं लख्ख ऊन पडलं की सगळे आठलाच कॅमेरे घेऊन खाली. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जायचं ठरलेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, आज नाही. आमच्यातल्या एका काकांनी आवाज चढवला: पैसे आगाऊ दिलेत, आभाळ स्वच्छ आहे, मग अडलंय कुठे? तो शांतपणे डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, “साहेब, वरचा माल अजून बसलेला नाही.” तेव्हा तो आळस करतोय असंच मला वाटलं, हे कबूल करतो.

त्याचं म्हणणं समजायला बिबिंका, आपला गोव्याचा थरांचा केक, डोळ्यांपुढे आणा. डोंगरावरचा बर्फ असाच थरांचा असतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर. कोरड्या, कडक थंडीत आतल्या एखाद्या थराचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. बिबिंकेच्या दोन थरांमध्ये साखर पसरून ताट तिरकं करा, वरचा भाग अख्खाच्या अख्खा सरकेल. 30 ते 45 अंशांच्या उतारावर नेमकं हेच होतं. ताज्या बर्फाचा भार पडल्यावर पहिले 24 ते 48 तास सर्वांत वाईट, आणि फोटो काढण्याजोगं निळं आकाश बहुतेकदा याच वेळात असतं. वर हिवाळ्याच्या शेवटी दुपारचं ऊन लागून बर्फ ओला आणि जड होतो, तो वेगळ्या तऱ्हेने घसरतो.

म्हणून मोठ्या हिमवृष्टीनंतर निदान दोन दिवस उंचावरचा रस्ता टाळा. नंतरही सकाळी लवकर निघून दुपार चढायच्या आत परत या. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, हवामान खातं पिवळे, नारिंगी, लाल इशारे देतं. दोन्ही पाहा, कारण हवामान खात्याच्या हिरव्या दिवशीही उतार धोक्याचा असू शकतो. हिमस्खलनप्रवण क्षेत्राची पाटी दिसली तर तिथे चहाला, फोटोला, लघवीलासुद्धा गाडी थांबवू नका. गाडलेल्या माणसाला बाहेर काढायला हाताशी जेमतेम 10 ते 15 मिनिटं असतात. त्यानंतर जगण्याची आशा झपाट्याने घटते.

नथुलाच्या त्या दुर्घटनेत परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, पर्यटक पंधराव्या मैलाकडे गेले होते, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. “थोडं पुढे नेता का, वरचे पैसे देतो” हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडी फार. ते गोव्यातच ठेवून जा.

‘चोर्ला उतरलोय, हे काय मोठं!’

चोर्ला आणि अनमोड घाटांतलं धुकं पावसाळ्यात पार केलेला माणूस वळणांना घाबरत नाही. पण तिथल्या ओल्या डांबरावर टायर धरतात. पहाडात दुपारी वितळलेलं पाणी सूर्य कलला की रस्त्यावरच गोठतं आणि त्याचा पारदर्शक पापुद्रा होतो. खालचं काळं डांबर तसंच दिसतं, म्हणून याला ब्लॅक आइस म्हणतात. सावलीतलं वळण, पूल आणि बोगद्याचं तोंड या त्याच्या ठरलेल्या जागा. पहाट आणि सूर्यास्तानंतरचा काळ ही त्याची वेळ.

शक्यतो स्वतः चालवू नका; टायरांना चेन लावलेली फोर बाय फोर गाडी आणि स्थानिक ड्रायव्हर घ्या. चालवायचीच वेळ आली आणि गाडी घसरायला लागली, तर ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटर सोडा, जायचंय त्या दिशेला स्टिअरिंग हलकेच धरा, झटका देऊ नका. उतारावर खालचा गिअर, पण तोही हळूच बदलायचा.

गोव्यातून बुलेट किंवा जीप घेऊन वर जाणाऱ्यांची आणखी एक गोची असते. जीपच्या रेडिएटरमध्ये आपल्याकडे साधं पाणी ओतलेलं खपून जातं. तिथे ते रात्री गोठून फुगतं आणि रेडिएटर फोडतं. निघण्याआधी गॅरेजात कूलंटचं प्रमाण तपासून घ्या. डिझेलही कडाक्यात मेणासारखं घट्ट होतं, त्यामुळे टाकी शक्यतो वरच्याच पंपावर भरा.

बर्फात गाडी अडकली तर

पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी 2022 मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये 20 हून अधिक माणसं गेली. त्यातली कित्येक केवळ गारठ्याने नव्हे, तर गाडीतच साचलेल्या धुराने, असं मानलं जातं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं, इंजिन चालूच असतं, कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. नुसती झोप येते.

तेव्हा आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, दर थोड्या वेळाने पुन्हा काढा. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. गाडी सोडून चालत निघू नका. 112 ला फोन करा, आणि फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, कारण थंडीत बॅटरी बघता बघता बसते. काश्मीर-लडाखला जाणार असाल, तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गटात दोघांकडे तरी पोस्टपेड हवं. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची अंगिठी पेटवून झोपणं हीसुद्धा याच विषाची चूक आहे.

बॅगेतली बाटली

ऊब यावी म्हणून फेणी नेणारे आमच्या गटातही होते. दारूने त्वचेकडचं रक्त वाढतं, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर जाते. लेहसारख्या 3,500 मीटरवरच्या ठिकाणी विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस बाटलीच नको, धावपळही नको. विरळ हवेने डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं सुरू झालं की आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर तातडीने खाली. ‘गोळी घेतली, आता चढू’ हा वेडेपणा.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स नको. भिजलेला सुती कपडा अंगावरची ऊब शोषतो. आत चटकन वाळणारा थर, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. आणि गॉगल फॅशनसाठी नव्हे. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे 80 टक्के भाग परत फेकतो, डोळे दिवसभरात भाजतात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू त्याच्या जवळपासही येत नाही.

चार दिवसांत बसवलेला दौरा

वरच्या निम्म्या चुकांचं मूळ तिकिटात असतं. शनिवार ते मंगळवार सुट्टी, बुधवारी ऑफिस, मधल्या प्रत्येक दिवसाला एक ठिकाण. मग रस्ता बंद झाला की माणूस ड्रायव्हरशी भांडतो, कारण त्याच्याकडे थांबायला दिवसच नसतो. निदान एक, जमल्यास दोन दिवस रिकामे ठेवा आणि परतीचं विमान ज्या दिवशी डोंगर उतरता त्याच दिवशीचं घेऊ नका.

आमच्याकडे नशिबाने एक दिवस शिल्लक होता. चौथ्या दिवशी सकाळी रस्ता उघडल्याचं कळल्यावर ड्रायव्हरच दारात येऊन उभा राहिला, “चला.” बोगदा ओलांडून सिस्सू पाहिलं आणि दुपारच्या जेवणाला मनालीत परत. वाटेत धुंडीजवळ एका उतारावरून खाली आलेल्या बर्फाचा ताजा ढीग रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेला दिसला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे, आणि त्याच्यासाठी दुसरा चहा मागवला.