एमआरएनए घटला म्हणजे जीन बंद पडला? या चुका टाळा

बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की खानापूर, निपाणीकडची पोरं फाइल घेऊन विचारायला येतात. दहावीपर्यंत मराठी आणि पीयूसीपासून इंग्रजी, त्यामुळे बोलणं मराठीत आणि शब्द इंग्रजी. निष्कर्ष मात्र बहुतेकांचा एकच: 'स्मॉल आरएनएने (जिवाणूंतल्या, जीनना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएने) ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे जीनवरून आरएनए उतरवणं, थांबवलं.' पुरावा काय? क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत, एमआरएनए (प्रोटीन बनवायला जीनवरून उतरवलेली प्रत) कमी दिसला.

गाडी इथंच घसरते. खडेबाजारात माल दिसेना म्हणून कारखाना बंद पडला असं आपण म्हणत नाही. माल वाटेत नासलेलाही असतो. ई. कोलाय या जिवाणूमधला आरवायएचबी हा स्मॉल आरएनए घ्या, लांबी जेमतेम 90 न्यूक्लिओटाइड. लोह कमी पडलं की त्याला दाबून ठेवणाऱ्या फर प्रोटीनचा लगाम सुटतो आणि हा तयार होऊ लागतो. एचएफक्यू या मदतनीस प्रोटीनच्या साहाय्याने तो सॉडबी जीनच्या एमआरएनएवर, रायबोसोम (प्रोटीन बनवणारं यंत्र) बसतो त्याच्या आसपास चिकटतो. रायबोसोमला जागा उरत नाही आणि आरएनएज ई हे आरएनए कापणारं एन्झाइम त्या एमआरएनएचे तुकडे पाडतं. या सगळ्यात सॉडबीच्या प्रमोटरला, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन सुरू होतं त्या डीएनएच्या जागेला, कुणी हातही लावलेला नसतो.

मग तपासायचं कसं? आधी स्मॉल आरएनए वाढू द्या, मग रिफॅम्पिसिन घालून नवं ट्रान्स्क्रिप्शन थांबवा आणि थोड्या थोड्या वेळाने नमुने घ्या. एमआरएनए नेहमीपेक्षा लवकर संपला, तर दोष टिकाऊपणात आहे. जोडीला फक्त प्रमोटर लॅकझेडला, म्हणजे ज्याचं काम सहज मोजता येतं अशा जीनला, जोडून बघा. पण एमआरएनएचा अनट्रान्सलेटेड (ज्यावरून प्रोटीन बनत नाही तो) भाग त्यात शिरू देऊ नका, नाहीतर स्मॉल आरएनए चिकटतो ती जागाच सोबत येते आणि निकाल फसवतो.

स्मॉल आरएनए सापडतच नाही, अशीही तक्रार असते. आरएनए वेगळा काढायचं किट बघा! साध्या कॉलमच्या किटमध्ये सुमारे 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा छोटे आरएनए बरेचसे धुऊन जातात. प्लास्मिडवरून (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या गोल तुकड्यावरून) भरमसाट स्मॉल आरएनए बनवलात, तर तो एचएफक्यू अडवून ठेवतो आणि भलतेच जीन हलल्यासारखे दिसतात. आणि जिवाणूंच्या प्रकरणात आरएनए इंटरफिअरन्सची (छोट्या आरएनएने जीन गप्प करण्याच्या यंत्रणेची) आकृती चिकटवू नका, ती यंत्रणा युकॅरिओट्सची, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या जीवांची.

ट्रान्स्क्रिप्शनवर खरोखर हात टाकणारे स्मॉल आरएनएही आहेत. 6एस आरएनए उघडलेल्या प्रमोटरचं सोंग घेऊन सिग्मा 70 (प्रमोटर ओळखणारं प्रोटीन) वाल्या आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमलाच, धरून बसतो, विशेषतः स्टेशनरी फेजमध्ये, म्हणजे वाढ थांबलेली असताना. साल्मोनेला या जिवाणूत चिएक्स हा स्मॉल आरएनए चिपी जीनचं ट्रान्सलेशन, म्हणजे एमआरएनएवरून प्रोटीन बनणं, रोखतो. रायबोसोम नसल्याने उघड्या पडलेल्या एमआरएनएवर ऱ्हो हे ट्रान्स्क्रिप्शन तोडणारं प्रोटीन चढतो आणि ट्रान्स्क्रिप्शन मध्येच तुटतं. ऱ्होमुळे ट्रान्स्क्रिप्शन तुटलं असा दावा करायचा असेल, तर ऱ्होला रोखणारं बायसायक्लोमायसिन घालून तोच प्रयोग पुन्हा करा. व्हायवाला परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतील.