उन्हाळ्यात न गळणारा शाईचा पेन

रोजच्या लिखाणाला महाग पेन लागत नाही. तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात कॅमलिनचा साधा शाईचा पेन बहुधा मिळतो, तो चांगला चालतो. निब मात्र बारीक मागा. स्वस्त वहीच्या पातळ कागदावर जाड निबची शाई पसरते, मागच्या पानावर उमटते. वही घेताना मुखपृष्ठाला भुलू नका, कागद ७० जीएसएमच्या (दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरचा आहे का ते विचारा. सोबत थोडा टीपकागद घ्या.

खरी काळजी आपल्याकडच्या उन्हाची. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात शाई कमी झाली की वरची हवा तापून फुगते आणि उरलेली शाई निबकडे ढकलते. शर्टाचा खिसा निळा होतो तो यामुळे. म्हणून उन्हाळ्यात कार्ट्रिजचा (शाई भरलेली तयार छोटी नळी) किंवा कन्व्हर्टरचा (बाटलीतली शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी) पेन वापरा. ड्रॉपरचाच असेल तर शाई अर्ध्यावर येताच पुन्हा भरा. खिशात निब वरच्या बाजूला हवी. गाडीच्या डिक्कीत तर पेन ठेवूच नका.

चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई कितीही काळीभोर दिसली तरी भरू नका. ती आत वाळली की पेन कायमचा चोंदू शकतो. शाई बदलताना निब साध्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा.