राक्षसाची कातडी प्लास्टिकसारखी दिसत असेल तर: माझा अनुभव

भयपटातल्या राक्षसाचे डिजिटल चित्र रंगवताना त्याची कातडी ओलसर न दिसता राखाडी प्लास्टिकच्या मुखवट्यासारखी दिसत होती. ब्रश बदलले, टेक्स्चर चढवले, कॉन्ट्रास्ट वाढवला. सुरकुत्या तेवढ्या वाढल्या. चौथ्या रात्री तर फाइलच पुसून टाकावीशी वाटली.

दोष सावलीत होता, कारण ती मी मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचे रंग गडद करणाऱ्या थरावर, निव्वळ काळ्याने रंगवली होती. प्रथम सर्वांत वर काळ्याने भरलेला लेयर कलर मोडमध्ये (यात खालच्या चित्राचा फक्त रंग बदलतो, उजेड-अंधार तसाच राहतो) ठेवून चित्र केवळ उजेड-अंधारात तपासले. मग तो लपवला, जुनी सावली पुसली आणि नव्या मल्टिप्लाय लेयरवर ती मळकट जांभळ्याने पुन्हा रंगवली. त्यानंतर जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या काठावर, विशेषतः कानाच्या पाळीवर आणि नाकपुडीच्या कडेला, सॉफ्ट लाइट लेयरवर, म्हणजे खालच्या रंगांत हलकेच मिसळणाऱ्या थरावर, 30 टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) भडक तांबडा, अरुंद पट्टा ओढला. प्रकाश त्वचेत शिरून विखुरतो तेव्हा आतल्या रक्ताची लाली तिथेच उमटते. खरा फरक या पट्ट्याने पडला. शेवटी वेगळ्या लेयरवर, 4000 पिक्सेल रुंद चित्रात 4 पिक्सेलच्या कडक गोल ब्रशने, खालच्या पापणीची कड, हिरड्या आणि ओठांचे कोपरे एवढ्याच ठिकाणी चमक दिली. कपाळावरची चमक, आवडती असूनही, पुसली.