लिनक्सवर गेमिंग, फोनवर प्रायव्हसी ॲप्स: या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न आला: धडधाकट लॅपटॉप टाकून द्यायचा का? विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. कंपन्यांतून निघून सेकंडहँड बाजारात आलेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मग कॉलेजची मुलं त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकतात, स्टीम हे व्हॅल्व्ह कंपनीचं गेमचं दुकान टाकतात आणि त्याच झपाट्यात फोनवर सिग्नल मेसेंजर, एफ-ड्रॉइड हे खुल्या ॲपचं स्टोअर, व्हीपीएनही. मला हे मनापासून आवडतं. फक्त महिनाभरात त्यातले काही जण परत फिरतात आणि सांगत सुटतात, "लिनक्सवर गेम चालतच नाहीत." चालतात, आणि उत्तम चालतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मशीनवर बिघडलेला असतो तो कामाचा क्रम. आधी कळस, मग पाया.

गेम न तपासताच विंडोज पुसणं

यातून सर्वात जास्त मनस्ताप होतो. व्हॅल्व्हने २०१८मध्ये प्रोटॉन आणलं, तेव्हापासून विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. पण प्रोटॉन हा अनुवादक आहे. गेम विंडोजकडे जे मागतो, ते तो लिनक्सच्या भाषेत मागून देतो. काही ऑनलाइन गेमचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, मात्र थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, जाऊन बसतं. इथे विंडोजचं कर्नलच नाही, म्हणून तो गेम उघडत नाही. कितीही सेटिंग बदला.

व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. लीग ऑफ लेजेंड्स २०२४मध्ये व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आल्यावर बंद पडला. एपेक्स लेजेंड्स चालायचा, पण ३१ ऑक्टोबर २०२४ला कंपनीने लिनक्सचा दरवाजा बंद केला. जीटीए ५ची स्टोरी चालते, पण सप्टेंबर २०२४पासून ऑनलाइन चालत नाही. याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ची लिनक्स आवृत्तीच आहे. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१मध्येच प्रोटॉनला साथ दिली, फक्त ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. त्यामुळे एकच अँटी-चीट असलेले दोन गेम वेगळे वागतात, याचं नवल वाटू देऊ नका.

तेव्हा कागद घ्या, महिन्याभरात खरोखर खेळता ते गेम लिहा आणि एकेक प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा, तिथे खेळणाऱ्यांच्या अनुभवावरून दर्जा दिलेला असतो. प्लॅटिनम किंवा गोल्ड दिसलं तर निश्चिंत राहा. ऑनलाइन गेम असेल तर 'आर वी अँटी-चीट येट' ही यादीही बघा. मित्रांची अख्खी टोळी रोज रात्री व्हॅलोरंट खेळत असेल तर विंडोज पुसू नका, ड्युअल बूट ठेवा, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही. त्यात कमीपणा काहीच नाही.

ड्युअल बूटमधले तीन सापळे

पहिला सापळा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ अनेकदा न विचारताच ड्राइव्ह एनक्रिप्ट करतं. तुम्ही बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं सॉफ्टवेअर बूट होताना अडवणारी सोय) बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नसतो. बायोसला हात लावायच्या आधी ती की उघडा, वहीत उतरवा, आकडे पुन्हा जुळवून बघा. फोटो त्याच लॅपटॉपवर ठेवलात तर उपयोग शून्य.

दुसरा फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना शटडाउन केलेलं विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून ती एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) ड्राइव्ह फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही. स्टीमला गेम अपडेट करता येत नाही आणि 'डिस्क राइट एरर' येतो. पोरं म्हणतात हार्ड डिस्क गेली. डिस्क ठणठणीत असते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा चालू झालं नाही ना, बघा.

याला जोडूनच एक. जागा वाचवायला अनेक जण विंडोज आणि लिनक्स दोघांसाठी एकच गेम फोल्डर एनटीएफएसवर ठेवतात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं विंडोज उभं करतं आणि त्यात 'सी' आणि 'झेड' ड्राइव्हच्या नावाने, पुढे कोलन देऊन लिंक बनवतं. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही. मग डिस्क तपासताना विंडोजला तो बिघाड वाटतो. लिनक्सच्या गेमसाठी ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टमचं वेगळं पार्टिशन ठेवा. शंभर जीबी जास्त गेले तरी चालतील.

तिसरा सापळा निरुपद्रवी, पण घाबरवणारा. लिनक्सवरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. मदरबोर्डवरची सीएमओएसची बॅटरी बदलायला दुकानात पळू नका. लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगणारी एक ओळीची कमांड आहे, ती दिली की काम झालं.

निळ्या स्क्रीनवर घाईने एंटर दाबणं

घणसोलीचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे कळव्याला आला होता. "काका, एनव्हिडियाचं कार्ड आहे, ड्राइव्हर पण टाकलाय, तरी गेम पाच-सहा फ्रेमवर सरकतोय." मँगोहड (गेमवरच फ्रेम आणि कार्डाचं नाव दाखवणारं टूल) लावून गेम उघडला. कोपऱ्यात कार्डाच्या नावाच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' लिहून आलं. म्हणजे ग्राफिक्स कार्ड झोपलेलं होतं आणि सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढत होता.

कारण असं की सिक्युअर बूट चालू असताना ड्राइव्हर टाकला की सिस्टम एक पासवर्ड ठरवायला सांगते. रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते, 'परफॉर्म मोक मॅनेजमेंट' (मोक म्हणजे मशीनच्या मालकाने मान्य केलेली सही). तिथे 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते. बहुतेक जण घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. ड्राइव्हर बसलेला दिसतो, पण त्याची सही मान्य नसल्यामुळे तो लोड होत नाही. उपाय असा: ड्राइव्हर मॅनेजरमधून ड्राइव्हर काढा, पुन्हा टाका आणि या वेळी ती स्क्रीन शांतपणे वाचा. नाहीतर सिक्युअर बूट बंद करा, अर्थात वर सांगितलेली ४८ आकडी की हातात असेल तरच. त्या मुलाने 'एनरोल' केलं आणि तोच गेम साठ फ्रेमवर पळायला लागला.

जुन्या कार्डावर नवं प्रोटॉन

आपल्याकडच्या सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये जीटी ७१० हमखास सापडतं. हे केप्लर पिढीचं कार्ड, त्याच्या ड्राइव्हरमध्ये व्हल्कन १.३ ही ग्राफिक्सची भाषा नाही. विंडोजच्या डायरेक्टएक्सचं व्हल्कनमध्ये रूपांतर करणाऱ्या, प्रोटॉनमधल्या डीएक्सव्हीकेला आवृत्ती २.०पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२२पासून, तेच लागतं. म्हणून नवं प्रोटॉन निवडलं की खिडकी उघडते आणि मिटते. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन ७.० निवडा. जुने, हलके गेम चालतील. नव्या गेमची आशा मात्र त्या कार्डाकडून ठेवू नका, आणि लिनक्ससाठी सेकंडहँड पीसी घेणार असाल तर दुकानदाराला कार्डाचं पूर्ण नाव विचारून मगच पैसे द्या.

स्टीम कुठून टाकता, यालाही महत्त्व आहे. उबुंटू या लिनक्सच्या स्टोअरमधून स्नॅप प्रकारचं पॅकेज येतं आणि त्यात नाना तक्रारी निघतात. व्हॅल्व्हच्या साइटवरचं डेब पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक हा तिसरा प्रकार घेतला असेल आणि दुसरी ड्राइव्ह दिसत नसेल, तर फ्लॅटसील या ॲपमधून त्या फोल्डरची परवानगी द्या. एपिक आणि गॉगच्या गेमसाठी हिरोइक लाँचर आहे, तो फार चांगला आहे.

पावसाळ्यात अपडेट चालू असताना वीज गेली आणि सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी संपलेली असली, की पॅकेज अर्धवट राहतात. बूट मेन्यूतल्या रिकव्हरी मोडमध्ये 'डीपीकेजी' पर्याय आहे, तो तुटलेली पॅकेज नीट करतो. मिंटमध्ये सिस्टमची आधीची स्थिती परत आणणारं टाइमशिफ्ट आधीपासून असतं. पहिल्या दिवशीच त्याचा स्नॅपशॉट घ्या.

फोनवर: परवानग्या, बॅकअप आणि यूपीआय

सिग्नलवर या, पण बॅकअप चालू केल्याशिवाय येऊ नका. तुमचे जुने संदेश सिग्नलच्या सर्व्हरवर आपोआप साठवलेले नसतात, तोच त्याचा गुण. फोन लोकलच्या गर्दीत गेला आणि बॅकअप नसेल, तर नंबर परत मिळतो, गप्पा मिळत नाहीत. बॅकअप सुरू करताना जी लांबलचक की मिळते ती कागदावर लिहून घरात ठेवा. एजिस या ॲपमधल्या ओटीपी कोडचंही तसंच, एक्स्पोर्ट केलेली एनक्रिप्टेड फाइल दुसऱ्या जागी हवी. आणि टेलिग्रामच्या साध्या चॅटला एंड-टू-एंड एनक्रिप्शन नसतं, ते फक्त सीक्रेट चॅटला असतं. 'टेलिग्राम सुरक्षित आहे' म्हणून आधारकार्डाचे फोटो तिथे साठवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

एफ-ड्रॉइडवरचं ॲप प्ले स्टोअरच्या ॲपवर बसत नाही, 'ॲप इन्स्टॉल झाले नाही' एवढंच येतं. एफ-ड्रॉइड बहुतेक ॲप स्वतःच्या सहीने बांधतं, आणि अँड्रॉइडला एका ॲपवर दोन सह्या चालत नाहीत. आधीचं ॲप काढावं लागतं, आणि काढण्याआधी त्यातला डेटा एक्स्पोर्ट करावा लागतो.

जाहिराती अडवायला फोनच्या प्रायव्हेट डीएनएस सेटिंगमध्ये ठरावीक सर्व्हर घातलेल्यांचं स्टेशनच्या किंवा मॉलच्या वायफायवर लॉगिनचं पानच उघडत नाही. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन झालं की परत लावा. सगळ्या ॲपचं लोकेशन सरसकट बंद करणाऱ्यांना ठाणे स्टेशनबाहेर रेल्वेचं पेपरलेस तिकीट काढता येत नाही, कारण तिथे लोकेशन लागतंच. अशा ॲपला 'ॲप वापरताना' एवढीच परवानगी द्या.

मोफत व्हीपीएन नको. तुमची रहदारी पूर्ण अनोळखी माणसाच्या हातून जाते आणि पैसे तो कुठून मिळवतो हे कळत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतातल्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. स्वस्त गेमसाठी व्हीपीएन लावून स्टीमचा देश बदलणं तर नियमाविरुद्धच आहे, खातं अडकू शकतं.

रोजच्या फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप) उघडून कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरचं अँड्रॉइड, टाकणं मी कुणालाच सुचवत नाही. बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, आणि नंतर बँकेची, यूपीआयची ॲप चालायला नकार देऊ शकतात. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळं स्कॅन करून देणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. लिनिएजओएससारखं रॉम शिकायचंच असेल तर ड्रॉवरमधला जुना फोन घ्या.

मदत मागताना

'गेम चालत नाही' एवढंच लिहिलं तर कुणीच काही सांगू शकत नाही. स्टीमच्या हेल्प मेन्यूत 'सिस्टम इन्फर्मेशन' आहे, ती पूर्ण कॉपी करा. प्रोटॉनची आवृत्ती लिहा, स्टीम डेब आहे की फ्लॅटपॅक ते लिहा, गेम कोणत्या फाइलसिस्टमवर आहे ते लिहा. लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग चालू करून गेम एकदा उघडा. होम फोल्डरमध्ये 'स्टीम' आणि गेमच्या नंबराने नाव असलेली फाइल तयार होते, ती जोडा. पाठवण्याआधी त्या फाइलमध्ये तुमचं खरं नाव युजरनेम म्हणून येतंय का बघा, येत असेल तर बदला.